आधी नजर, मग इजाजत

नाकाडोंगरीत ऑनलाइन फॉर्म भरायच्या एका दुकानात बसलो होतो. माझ्या पुढे एक खाला होत्या. नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आलेल्या. स्कॅन झालं, पावती निघाली, पैसे दिले. उठता उठता त्यांनी विचारलं, "बाबू, माझे कागद आता ह्या डब्यात राहतेत का?"

पोरगा म्हणाला, "नाही खाला, डिलीट केले."

तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला तसंच वाटत होतं. पण खालांचा प्रश्न घेऊन मी घरी आलो. 'कागद' हा शब्द आमच्या मोहल्ल्यांत २०१९ नंतर फार जड झाला आहे. तेव्हापासून लोकांनी कागद जमवले, लॅमिनेट केले, नावांची स्पेलिंगं दुरुस्त करून घेतली. कागद नसला तर काय होईल, ही भीती. तोच कागद दुसऱ्याच्या हाती पडला तर काय होईल, हे मात्र त्या खालांशिवाय मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

संगणकात एका वेळी अनेक कामं चालू असतात. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीतलं दिसू नये, ही राखण ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा करतो. त्याला कर्नेल म्हणतात. त्याची स्वतःची मेमरी तर कुणालाच उघडी नसते. ३ जानेवारी २०१८ ला जगाला कळलं, की ही भिंत आरपार दिसणारी होती. त्या त्रुटीचं नाव मेल्टडाउन. १९९५ नंतरच्या इंटेलच्या जवळजवळ सगळ्या प्रोसेसरांत ती असू शकते, असं शोधणाऱ्यांनी सांगितलं.

ती कशी चालते हे तहसील कचेरीच्या भाषेत सांगतो. समजा, तुम्ही अशी फाइल मागितली जी पाहायचा तुम्हाला हक्क नाही. साहेब तुमचा हक्क तपासतायत, तेवढ्यात एक फार चपळ शिपाई आत जाऊन फाइल काढून उघडतोही. वेळ वाचावा म्हणून. साहेब म्हणतात, नाही. शिपाई फाइल जागेवर ठेवतो, तुम्हाला एक शब्द सांगत नाही. पण तुम्ही आधीच त्याला सांगून ठेवलंय, की फाइलवर पहिलं अक्षर जे असेल त्या नंबरच्या कपाटाचं कुलूप काढून ठेव. फाइल परत गेली, कुलूप उघडंच राहिलं. आता तुम्ही एकेक कपाट ओढून पाहायचं. जे झटकन उघडलं, ते तुमचं अक्षर. मग दुसरं अक्षर, तिसरं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी या पद्धतीनं सेकंदाला ५०० किलोबाइटच्या आसपास मजकूर वाचून दाखवला. त्यांच्यातल्या डॅनिएल ग्रुस यांनी पहिला प्रयोग स्वतःच्याच संगणकावर केला आणि स्वतःच उघडलेल्या वेबसाइटांचे पत्ते पडद्यावर येताना पाहून ते हादरले.

प्रोसेसर कंपन्यांनी हे का केलं? वेगासाठी. आधी काम उरकायचं, परवानगी मागाहून तपासायची, नकार आला तर काम फेकून द्यायचं. फेकलेल्या कामाचा माग उरतो, याकडे वीसेक वर्षं दुर्लक्ष झालं.

हे वाचताना मला मदरशात लहानपणी शिकलेला अदब आठवला. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घ्यायचा हुकूम आहे. आणि हदीसमध्ये एक प्रसंग येतो. एक माणूस पैगंबरांच्या घरात भोकातून डोकावत होता. तो आत आला नव्हता, काही उचललं नव्हतं. तरी पैगंबर रागावले, आणि इजाजतीचा नियम नजरेसाठीच आहे असं त्यांनी समजावलं. मेल्टडाउनचा सगळा बचाव असाच होता, की आत कुणी शिरलं नाही, काही बदललं नाही. इंटेलच्या पहिल्या निवेदनात तर यातून माहिती बिघडवता, बदलता किंवा पुसता येत नाही, असाच दिलासा होता. पाहता येतं, त्याचं काय?

या जातीच्या त्रुटींची खबर कंपन्यांना २०१७ च्या जूनमध्ये गुगलच्या यान हॉर्न यांनी दिली होती. जाहीर झालं जानेवारीत. दुरुस्ती तयार होईपर्यंत गप्प राहणं मला समजतं. पण त्याच महिन्यांत, २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. दिल्लीत हक्क मिळत होता आणि ज्या यंत्रांवर तो पाळायचा त्यांची भिंत पारदर्शक असल्याचं मोजक्या लोकांनाच ठाऊक होतं.

एक गंमतही आहे. तेव्हाचे बरेच स्वस्त फोन यातून वाचले. त्यांच्यातला कॉर्टेक्स-ए५३ हा साधा प्रोसेसर इतका पुढचा अंदाज बांधतच नव्हता. म्हणजे खालांच्या हातातला फोन त्या टेबलावरच्या संगणकापेक्षा या बाबतीत भरवशाचा निघाला असता. पण शासन त्यांना त्या टेबलाकडेच पाठवतं.

मेल्टडाउनवर दुरुस्ती आली. लिनक्सनं, विंडोजनं कर्नेलचे नकाशे वेगळे केले. विंडोज ७ च्या ६४-बिट आवृत्तीवर त्या दुरुस्तीनंच आणखी मोठं भगदाड पाडलं, मग मार्चमध्ये दुरुस्तीची दुरुस्ती. पुढे २०१९ मध्ये झोंबीलोड, २०२३ मध्ये डाउनफॉल. म्हणजे ही राखण सतत चालणारी आहे, आणि ती अपडेटमधून येते. विंडोज १० ची नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर घेत नाही. जुन्या यंत्रांसाठी नोंदणी केली तर वर्षभराची वाढीव मुदत मिळते. त्या दुकानातल्या पोराला मी विचारलं. त्याला हे माहीतच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, नाकाडोंगरीत कोण मेल्टडाउन करायला बसलंय? बरोबर आहे. त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये शेकडो आधार कार्डं उघडी पडली असतील, चोराला कर्नेलपर्यंत जायची गरजच नाही. शिवाय या त्रुटीचा हल्ला झाला तरी नेहमीच्या नोंदींत त्याचा माग राहत नाही, म्हणून कुठे झाला आणि कुठे नाही हेही कळायचं नाही. पण दोन्हींत दोष खालांचा नाही. त्यांनी ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही. 'सावध राहा' या जाहिरातीतला एकही उपदेश त्यांना वाचवू शकत नव्हता. आणि त्या पोराचाही फारसा नाही. संगणक त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेला, जुना. एका फॉर्ममागे मिळणाऱ्या पैशांत तो नवा कसा घेणार?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो त्या दुकानापर्यंत पोचला तर चुकीच्या माणसाला चिरडेल. माझं म्हणणं साधं आहे. शासन अर्ज ऑनलाइनच घेतो म्हणत असेल, तर अर्ज भरणारं यंत्र हीसुद्धा त्याचीच अमानत. गावोगावच्या अशा यंत्रांची यादी करा, कुठल्यावर अपडेट येतं आणि कुठल्यावर नाही ते दुकानाच्या पाटीवर दरपत्रकाशेजारी लिहा, आणि जी बाद झाली ती बदलायला पैसे द्या. तोवर लिनक्स टाकून द्यायला माणूस पाठवा. बऱ्याच जुन्या यंत्रांवर ते चालतं, आणि त्याची अपडेटं फुकट आहेत.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. डाउनलोड फोल्डर आम्ही दोघांनी मिळून रिकामा केला, रिसायकल बिनसुद्धा. वाढीव मुदतीची नोंदणी करून अपडेट लावलं, तर नेट इतकं हळू की रांगेतले लोक कुरकुरायला लागले. शेवटी त्यानं ते थांबवलं आणि म्हणाला, "चाचा, रात्री लावतो. लाइट राहिली तर."