फोनची किल्ली आपल्याच पदराला हवी

परवा आमच्या गल्लीतल्या काकू अमेरिकेहून परत आल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी लातूरहून एकट्याच गेल्या होत्या. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सगळं आठवणीनं बांधून नेलेलं. विसरला तो फोन. म्हणजे फोन होता पर्समध्ये, पण तिकडच्या विमानतळावर उतरल्याबरोबर मुका झाला. "लेक बाहेर उभी, मी आत. कुणाला विचारावं तर भाषा येत नाही. रडू आवरत बसले बाई तशीच," काकू सांगत होत्या. खरा घोळ तर इकडे आल्यावर झाला. सहा महिने रिचार्ज नाही, वापर नाही, म्हणून इथला नंबरच बंद! पेन्शनच्या खात्याला नेमका तोच नंबर जोडलेला. आता काकू बँकेच्या चकरा मारताहेत.

मैत्रिणींनो, ही काही एकट्या काकूंची गोष्ट नाही. 'लातूर पॅटर्न'मध्ये शिकलेली आपली पोरं जगभर गेली, त्यांच्यामागं आयाही निघाल्या. नांदेडहून कुणी हैदराबाद गाठून विमान पकडते, कुणी मैत्रिणींसोबत नेपाळला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाते. २०१८ पासून पंचेचाळिशीपुढच्या बायकांना चौघीजणींचा गट करून, मेहरमशिवाय हजला जाता येऊ लागलं. बाई आता एकटी निघते, पण तिचा फोन मात्र अजून मुलाच्या नाहीतर जावयाच्या हातात!

पूर्वी आयएसडी बूथवर लाल आकडे पळताना दिसायचे. आकडा वाढला की आपण बोलणं आवरतं घ्यायचो. आता आकडे पळतात, पण दिसत नाहीत. परदेशात आपलं कार्ड तिथल्या कंपनीच्या टॉवरवर चालतं. ती कंपनी आपल्या कंपनीकडून पैसे घेते आणि आपली कंपनी आपल्याकडून. याचंच नाव रोमिंग. पॅक न घेता इंटरनेट चालू राहिलं, तर ग्रुपवर येणारे 'शुभ सकाळ'चे फोटो नि व्हिडिओ आपोआप उतरत राहतात आणि त्या फुकटच्या फुलांचं बिल हजारांत येऊ शकतं. म्हणून विमानात बसण्याआधीच 'डेटा रोमिंग' आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय, दोन्ही बंद करा.

मग करायचं काय? आठ-दहा दिवसांची सहल असेल तर इथूनच आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा. किती दिवस, किती इंटरनेट आणि कोणते देश, हे तिन्ही विचारून घ्यावं. वाटेत विमान बदलायचं असेल तर तो देशही विचारावा. दोन-चार महिने राहायचं असेल तर तिथलंच कार्ड बहुधा स्वस्त पडतं. त्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ई-सिम चालतं. ते घरूनच घालून घेता येतं, म्हणजे उतरल्यावर दुकान शोधायला नको. मात्र लेकानं अमेरिकेहून पाठवलेला फोन असेल तर तो तिथल्या एकाच कंपनीला बांधलेला, म्हणजे 'लॉक' नाही ना, हे आधी बघा. तसा असेल तर दुसरं कार्ड त्यात चालत नाही.

इथलं कार्ड मात्र काढून डब्यात टाकू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. दोन कार्डांच्या फोनमध्ये ते राहू द्या. निघण्याआधी त्यावर रोमिंग सेवा सुरू करून घ्या, इंटरनेट तेवढं बंद ठेवा. परत येईपर्यंत त्याचं रिचार्ज चालू ठेवायला घरी कुणाला तरी सांगून जा. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.

विमानतळावरच्या फुकट वायफायवर घरी निरोप पाठवा, पण बँकेचं काम करू नका. दुबईत व्हॉट्सॲपवरून निरोप जातो, पण बोलणं होत नाही, हे ठाऊक असलं की जीव घाबरत नाही. नकाशा आणि भाषांतराची सोय इथूनच फोनमध्ये उतरवून घ्या. आणि हो, लेकीचा नंबर देशाच्या आकड्यासकट कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

युरोपीय संघानं २०१७ साली आपल्या देशांमधलं जादा रोमिंग बिल बंद करून टाकलं. आपल्याकडे निदान दरपत्रक तरी साध्या मराठीत मिळावं, आणि सहल कंपन्यांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत जेवणाच्या जोडीनं फोनबद्दलही सांगावं, एवढं मागणं काही जास्त नाही. पण तोवर वाट बघत बसायचं कशाला? भिशीच्या दिवशी एखाद्या कॉलेजातल्या पोरीला बोलवा. प्रत्येकीनं आपल्या फोनमध्ये स्वतःच्या बोटानं रोमिंग चालू-बंद करून बघावं. "तू राहू दे आई, मी करतो," असं मुलगा म्हणाला, तर त्याला म्हणावं, "करू नकोस, दाखव."

तिजोरीची किल्ली आपण पदराला बांधतो ना? मग परक्या देशात घराशी जोडणारी ही किल्लीही आपल्याच पदराला हवी.