वस्त्रगाळ डिझेल

पूर्णा गावातल्या आमच्या घरी नदीवरून पाणी आणण्याचे दिवस संपून आता पुष्कळ काळ लोटला. तरी पितळी हंड्याच्या तोंडावर जुन्या धोतराची दुहेरी घडी ताणून बांधणारी आईची बोटे अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पावसाळ्यात अजिंठ्याच्या डोंगरांपासून खाली आलेले नदीचे पाणी वाटेतल्या काळ्या मातीने दाट होऊन येई, तेव्हा त्यात तुरटीचा खडा फिरवून, रात्रभर ते निवळू देऊन, पहाटे वरचे पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात घेताना तळाचा गाळ हलू नये म्हणून ती श्वास रोखून धरी. वैद्य आपल्या चूर्णाला जो शब्द लावतात तोच ती पाण्याला लावी : वस्त्रगाळ. हा शब्द मला कित्येक वर्षांनी आठवला तो झिरो फाट्याजवळ रस्त्याच्या कडेला, एका बंद पडलेल्या मालमोटारीपाशी उभा असताना.

ती मालमोटार माझ्या भाच्याची. कर्जावर घेतलेल्या त्या एका ट्रकवर त्याचे घर चालते; गळीत हंगामात ऊस, एरवी वसमतची हळद सांगलीकडे, परतीच्या फेरीला मिळेल तो माल. गेल्या पावसाळ्यात ती गाडी आधी चढावर ओढ घेईनाशी झाली, मग सकाळी सुरू होण्यास दहा-पंधरा वेळा सेल्फ मारावा लागू लागला, आणि अखेर भरल्या मालासह जागीच थांबली. नांदेडहून आलेल्या फिटरने कोठेही हात लावण्यापूर्वी डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या खालचा कॉक सैल केला आणि एका स्वच्छ काचेच्या बाटलीत ते डिझेल धरले. क्षणभर सारे गढूळ दिसले. नंतर बाटली बॉनेटवर स्थिर ठेवताच तिच्यात तीन थर पडले. वर पिवळसर डिझेल, तळाशी दोन बोटे पाणी, आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी, शेवाळासारखी बुळबुळीत साय. पाण्याच्या व डिझेलच्या सीमेवर वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंची ती वसाहत होती. "गुरुजी," फिटर म्हणाला, "हे पाणी कुठून आलं ते मला विचारू नका. पण पाणी आहे, हे तुम्ही आपल्या डोळ्यांनी बघून ठेवा."

सहांपैकी तीन इंजेक्टर गेले होते. एकेकाची किंमत पाच आकडी. त्यात मजुरी, माल दुसऱ्या गाडीत चढवण्याचा खर्च, बुडालेल्या फेऱ्या आणि न थांबणारा हप्ता. भाच्याचा राग ज्या पंपावर त्याने टाकी भरली होती त्या पंपावर होता. त्या पंपाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण दोष त्याचाच होता हे सिद्ध करण्याजोगा कोणताही पुरावा आमच्यापाशी नव्हता. हा पुरावा ग्राहकापाशी कधीच का नसतो, हाच माझ्या आजच्या लेखनाचा विषय आहे.

विज्ञानाचा शिक्षक म्हणून आयुष्य घालवल्यामुळे मला त्या निकामी इंजेक्टरकडे केवळ भंगार म्हणून पाहता आले नाही. आजच्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात सर्व इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या एका जाड नळीत डिझेल इंजिन चालू असताना सोळाशे ते दोन हजार बारपर्यंतच्या, काही इंजिनांत त्याहूनही अधिक, दाबाखाली सज्ज असते. म्हणजे नखाएवढ्या, एका चौरस सेंटिमीटरच्या जागेवर जवळजवळ दोन टनांचा भार. हा दाब कोठेही गळू नये म्हणून इंजेक्टरच्या आतील सरकत्या भागांत दोन ते चार मायक्रॉनांइतकीच फट ठेवलेली असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो आणि चाळीस मायक्रॉनांहून लहान कण उघड्या डोळ्यांस बहुधा दिसतच नाही. तेव्हा ज्या धुळीने इंजेक्टरचा घात होतो ती धूळ आपल्याला दिसणारी धूळच नव्हे. पाच-सात मायक्रॉनांचा खडीसारखा कण त्या प्रचंड दाबाने झडपेच्या बैठकीवर आदळत राहतो, बैठकीला सूक्ष्म चर पडतो, चरातून डिझेल परतीच्या नळीकडे निसटू लागते, आणि रेलमध्ये दाबच न बनल्यामुळे गाडी सकाळी सुरू होत नाही. पाण्याचा उपद्रव निराळा : डिझेलचा जो पातळ पापुद्रा घासणाऱ्या पोलादाला वंगण पुरवतो तो पाण्यामुळे तुटतो, पोलाद गंजते, आणि तापलेल्या टोकाशी पाण्याची वाफ होऊन धातूच ओरबाडला जातो. नोझल ठिबकू लागले तर काजळी वाढून भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांतील धुराची गाळणी तुंबते, आणि दुर्लक्ष झाल्यास पिस्टनलाही भोक पडू शकते.

जुनी इंजिने इतकी नाजूक नव्हती, हे खरे. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ साली निघाला आणि पुढे मराठवाड्याच्या विहिरींवर, वीज पोचण्यापूर्वी, डिझेल इंजिनांची धडधड ऐकू येऊ लागली. १९५१ साली बंगळूरला स्थापन झालेल्या मायकोने, म्हणजे आजच्या बॉशने, नंतर नाशिकलाही कारखाना काढला आणि तेथे नोझल-इंजेक्टर बनू लागले. त्या काळच्या नोझलची सुई साधारण दोनशे बार दाबाला उचलली जाई. पंप-नोझलचे काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने मला तिची परीक्षा करून दाखवली होती : स्वच्छ डिझेलमध्ये बुडवलेली सुई तिच्या घरातून सुमारे एक-तृतीयांश बाहेर ओढून, नोझल तिरके धरून सोडायची, ती केवळ आपल्या भाराने, न अडखळता, सावकाश आत उतरली पाहिजे. मध्येच थबकली तर कचरा आहे, सपकन पडली तर झीज आहे. ती सुई त्याच्या तळहातावर एखाद्या मोगऱ्याच्या कळीसारखी त्याने जपून धरली होती, आणि तिला बोट लावण्यापूर्वी त्याने मला हात धुऊन यायला सांगितले. अशा सुईने अडखळत का होईना पण पुष्कळ काळ संसार केला; बाटलीतून ओतलेले, फडक्याने गाळलेले, ड्रममध्ये महिनोन् महिने पडून राहिलेले डिझेल तिने पचवले. दाब आठ-दहा पटींनी वाढला आणि आपल्या सवयी मात्र त्या सुईच्या काळातल्याच राहिल्या.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले, डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात दहा भागांवर आले, आणि त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांनी मोठा खर्च केला, हे भूषणावह आहे. परंतु कारखान्यातून निघालेले डिझेल आपल्या टाकीत पडेपर्यंत किती ठिकाणी श्वास घेते याचा विचार करावा. मुंबईहून नळमार्गाने मनमाडजवळच्या पानेवाडीला, तेथील डेपोतून टँकरने मराठवाड्याच्या गावोगावी, टँकरमधून पंपाच्या भूमिगत टाकीत, टाकीतून गाडीत, आणि शेतकऱ्याच्या बाबतीत गाडीऐवजी ड्रममध्ये. जमिनीवरची प्रत्येक टाकी दिवसा तापते, रात्री निवते, निवताना बाहेरची दमट हवा आत ओढते आणि तिच्या पत्र्यावर दव धरते. वैशाखात आमच्याकडे ज्या काळ्या मातीची धूळ उठते ती उघड्या झाकणातून आत जाते. मृगाच्या पहिल्या सरींत भूमिगत टाकीच्या सैल झाकणावर पाणी साचते. यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच असे नाही. भेसळीचा गुन्हा वेगळा आणि ही हयगय वेगळी, पण इंजेक्टरला या दोहोंतला भेद कळत नाही.

आता कायद्याच्या बाजूने पाहू. पंपावर ग्राहकाला पाच लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा हक्क आहे. यंत्रावर वैधमापनशास्त्र यंत्रणेची मोहोर असते. घनता तपासून मागता येते व ती नोंदीतील घनतेपासून घनमीटरमागे तीन किलोग्रॅमांहून अधिक ढळता कामा नये. हे सर्व हक्क मोलाचे आहेत आणि ते मिळवण्यासाठी ग्राहक चळवळीला पुष्कळ झिजावे लागले आहे. परंतु हिशेब केला तर शंभर लिटरांत दीड लिटर पाणी मिसळलेले असतानाही घनता त्या मर्यादेच्या आतच राहील; आणि पाणी तर मिसळून राहतही नाही, ते तळाशी बसते, त्यामुळे नमुन्याच्या भांड्यात ते येईलच याची शाश्वती नाही. पंपचालक रोज टाकीत काठी घालून, तिच्या टोकाला लावलेल्या मलमाचा रंग पालटतो की नाही यावरून तळाचे पाणी पाहतो. ती तपासणी त्याच्या दफ्तरी राहते, ग्राहकापर्यंत येत नाही. सूक्ष्म कणांसाठी तर पंपावर कोणतीच परीक्षा नाही. आपल्या आयएस १४६० या मानकाप्रमाणे एक किलो डिझेलमध्ये एकूण २४ मिलिग्रॅम कचरा आणि २०० मिलिग्रॅम पाणी यांपलीकडे असू नये. तीनशे लिटरांच्या टाकीत सुमारे अडीचशे किलो डिझेल मावते. म्हणजे मानकाच्या आत राहूनही एका टाकीमागे सहा ग्रॅम कचरा आणि पन्नास ग्रॅम पाणी येऊ शकते. शिवाय हे मानक कचऱ्याचे वजन करते, कण मोजत नाही. जगभरच्या वाहन-उत्पादकांनी मिळून केलेल्या इंधन-सनदेत मात्र कणांची संख्याच मोजलेली आहे : एका मिलिलिटरमध्ये चार मायक्रॉनांहून मोठे कण अडीच हजारांच्या आत असावेत, अशा अर्थाची ती मर्यादा आहे. माप पुरे आहे की नाही हे पाहणारे आपले राज्य, मापात काय पडते हे पाहण्याच्या बाबतीत अजून वजनाच्या काट्यापाशीच थांबलेले आहे.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातून मनमाड-हैदराबाद असा मीटरगेज मार्ग निघाला, पुढे येथून हिंगोलीला फाटा गेला, आणि वाफेची इंजिने येथल्या शेडमध्ये नांदू लागली. पाण्यातला क्षार बॉयलरच्या नळ्यांना खातो हे त्या काळच्या रेल्वेला ठाऊक होते. म्हणून ठरल्या मुदतीला बॉयलर रिकामा करून धुण्याचा दंडक असे, आणि त्याची नोंद होई. इंजिनात जाणाऱ्या द्रवाची शुद्धता हा चालकाच्या मर्जीचा प्रश्न नसून कामाचा नियम आहे, ही समजूत या गावाला नवी नाही.

मालकांच्या व फिटरांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, कारण माझ्या भाच्याच्या गाडीत पाण्याचा दिवा चार दिवस लागत होता आणि तो "नंतर पाहू" म्हणून चालवत राहिला. फिल्टर बदलताना त्याने काही शे रुपये वाचवण्यासाठी अस्सलसारखा दिसणारा खोका घेतला होता. वरून रंग तोच, आत कागदाच्या घड्या निम्म्या. अशा डब्यावर 'दहा मायक्रॉन' छापलेले असते, पण दहा मायक्रॉनांच्या शंभर कणांपैकी किती अडतात हे छापलेले नसते, आणि पन्नास अडवणारी व नव्व्याण्णव अडवणारी गाळणी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरी चूक तर मी डोळ्यांनी पाहिली. नवा फिल्टर बसवण्यापूर्वी एअर धरू नये म्हणून फिटरचा पोऱ्या बाटलीतले डिझेल फिल्टरच्या मधल्या भोकात ओततो. ते मधले भोक गाळलेल्या बाजूचे असते. म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यातल्या उघड्या डब्यातले डिझेल एकाही पापुद्र्यातून न जाता थेट पंपाकडे आणि इंजेक्टरकडे रवाना होते. फिल्टर कोरडा बसवून हँड प्रायमरने भरावा, याला फक्त दहा मिनिटे अधिक लागतात. काहीजण आता उत्साहाने बाजारातली दुसरी गाळणी मध्येच जोडून घेतात. इंजिनाला लागणारा प्रवाह न पाहता बसवलेली अशी गाळणी डिझेल अडवून पंपालाच उपाशी मारते, म्हणून ती उत्पादकाच्या सल्ल्याविना बसवू नये.

इतके करूनही टाकीत पडणारे डिझेलच घाण असेल तर गाडीवरची गाळणी किती पुरी पडणार? म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक पंपाच्या नोझलपूर्वी सूक्ष्म कण अडवणारी आणि पाणी लागताच फुगून प्रवाह रोखणारी गाळणी अनिवार्य करावी. अशा गाळण्या अस्तित्वात आहेत. ती कोणत्या तारखेला बदलली हे दराच्या फलकाशेजारी लिहावे. वैधमापनशास्त्राचे निरीक्षक माप तपासतात त्या वेळी तेल कंपन्यांनी नोझलमधून घेतलेल्या नमुन्यातील कण मोजून तो आकडा जाहीर करावा. टँकर उतरवण्यापूर्वीचा नमुना पंपचालक राखून ठेवतो, तसा शंका आलेल्या ग्राहकालाही त्याच्या समक्ष मोहोरबंद नमुना मिळावा. पंपचालकांवर यामुळे बोजा पडेल, आणि खेडोपाडीचे पंप आधीच थोड्या कमिशनवर चालतात, हा आक्षेप रास्त आहे. तो बोजा कंपन्यांनी उचलावा, कारण शुद्धतेचे श्रेय जाहिरातीत त्याच घेतात. साखर कारखान्यांच्या आवारात हंगामात शेकडो ट्रक-ट्रॅक्टर रात्र-रात्र उभे असतात. तेथे कॉक सोडून पाणी कसे काढावे हे दाखवणारा एक जाणता माणूस कारखान्याने ठेवला तर चालक ते आनंदाने शिकतील.

भाचा आता रोज पहाटे, इंजिन सुरू करण्यापूर्वी, टाकीतले पाणी रात्रभर तळाशी बसलेले असताना कॉक सोडतो, बाटली उजेडात धरतो आणि मला हाक मारतो, "मामा, आज काही नाही." त्या पहिल्या दिवसाची बाटली मात्र मी बूच लावून, तारीख चिकटवून, माझ्या खिडकीत ठेवली आहे. मधली साय काळी पडली आहे. तळाचे पाणी जसेच्या तसे आहे. तेल कंपनीचा अधिकारी किंवा वजनमापांचा निरीक्षक पूर्णेला ज्या दिवशी येईल, त्या दिवशी ती त्याच्या टेबलावर ठेवण्याचा माझा निश्चय आहे.