विश्लेषण : कोल्ह्याला पकडून दूर सोडणे हा उपाय का नाही?

मुंबई, नवी मुंबईच्या खाडीकिनारी कोल्हा दिसला की त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरते आणि ‘याला पकडून जंगलात सोडा’ अशी मागणी होऊ लागते. मात्र एकटा दिसणारा हा प्राणी बहुतेक वेळा कुटुंबातला असतो.

कोल्हा शहरात आला कुठून?
सोनेरी कोल्हा खाडीकाठच्या कांदळवनातच राहतो. खेकडे, उंदीर, पक्षी, फळे, मेलेली जनावरे असे मिळेल ते तो खातो. इमारती कांदळवनाला भिडल्या आणि उघड्यावरचा कचरा त्याला वस्तीकडे ओढू लागला.

कुटुंब कसे असते?
नर-मादीची जोडी सहसा वर्षानुवर्षे टिकते. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भधारणेनंतर मादी बिळात पिल्ले देते. दोघेही खाल्लेले अन्न ओकून पिल्लांना भरवतात. आधीच्या विणीतील काही पिल्ले मोठी झाल्यावरही घर सोडत नाहीत. ती धाकट्या भावंडांना भरवतात आणि बिळाची राखण करतात. टांझानियातील सेरेंगेटीत पॅट्रिशिया मोलमन यांनी काळ्या पाठीच्या कोल्ह्यांचा अभ्यास केला. मदतनीस जास्त असतील तिथे जास्त पिल्ले जगतात, हा त्यांचा निष्कर्ष १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

कोल्हेकुई कशासाठी?
मराठीत कोल्हेकुई म्हणजे निरर्थक ओरड. प्रत्यक्षात ती कुटुंबाची हाक असते. आपली माणसे कुठे आहेत हे त्यातून कळते आणि शेजारच्या कळपाला हद्दीचा इशाराही मिळतो.

माणसाला धोका किती?
निरोगी कोल्हा माणसाला टाळतो. खरी चिंता रेबीजची आहे. २०२४ मध्ये चेंबूर परिसरात कोल्हे चावल्याच्या घटना घडल्या आणि मृत कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला. कचऱ्यावर भटकी कुत्री आणि कोल्हे समोरासमोर येतात, तिथे हा आजार पसरण्याची भीती असते. कोल्हा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे.

मग उपाय काय?
आई किंवा बाप पकडून नेला, तर बिळातली पिल्ले उपाशी राहू शकतात. रिकाम्या हद्दीत दुसरे कोल्हे येतात. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये असल्याने त्याला परस्पर पकडणे गुन्हा आहे. आजारी किंवा जखमी कोल्ह्याची माहिती वनविभागाला द्यावी. त्यापलीकडे कचरा झाकणे, कुत्र्यांचे लसीकरण आणि कांदळवन राखणे हेच टिकाऊ उपाय आहेत.