चित्रशाळेच्या दारी पोलीस

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी, सकाळच्या दुसऱ्या मिस्साबलिदानानंतर, एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन मला भेटावयास आले. मुलीचा चित्रकलेकडे ओढा असून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखेत शिकावे, अशी तिची इच्छा आहे. वडिलांची अडचण पैशाची नव्हती. ते म्हणाले, ‘‘फादर, ज्या कॉलेजात क्रूसावरच्या प्रभूची विटंबना झाली, तिथे मी पोरीला कसा धाडू? तुम्हीच समजवा तिला.’’ मुलगी खाली मान घालून उभी होती. मी तिला काहीच समजावले नाही. तिच्या वडिलांना जे सांगितले, ते आपणा सर्वांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते. कारण असे वडील आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ आहेत आणि एके काळी मीही त्यांच्याच बाजूचा होतो.

प्रथम काय घडले ते पाहू. मे २००७ मध्ये त्या विद्याशाखेत विद्यार्थ्यांच्या वार्षिक परीक्षेसाठी चित्रे मांडली होती. चंद्रमोहन नावाच्या विद्यार्थ्याच्या चित्रांत देवीची एक प्रतिमा होती आणि क्रूसावरील ख्रिस्ताचीही होती. दोन्ही अशा की, श्रद्धावंताने पाहून अस्वस्थ व्हावे. हिंदुत्ववादी कार्यकर्त्यांचा जमाव आत शिरला, पोलीस आले आणि तो विद्यार्थी तुरुंगात गेला. ख्रिस्ताच्या चित्राबद्दल ख्रिस्ती बाजूनेही आक्षेप नोंदविला गेला. विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याची बाजू घेतली नाही. याचा निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी भारतीय कलापरंपरेतील शृंगारशिल्पांच्या प्रतिमांचे प्रदर्शन मांडले. ते बंद करण्यास प्रभारी अधिष्ठाते शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनाच निलंबित करण्यात आले. त्या विद्यार्थ्याची पदवी पुढे कित्येक वर्षे अडकून पडली.

मला आठवते, वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात प्रथम समाधान उमटले होते. ‘बरे झाले, आपल्या प्रभूची चेष्टा करणाऱ्याला कोणीतरी जाब विचारला,’ असे मी भोजनाच्या टेबलावर सहकारी धर्मगुरूंजवळ बोललोही. कोणी मला अडविले नाही. आज त्या वाक्याची मला लाज वाटते, आणि त्या लाजेची कारणेच मला येथे द्यावयाची आहेत.

पहिले कारण माझ्या स्वतःच्या शिक्षणातले आहे. सेमिनरीत आम्हांला सराव म्हणून प्रवचने करावी लागत. समोर सहाध्यायी आणि मागच्या बाकावर प्राध्यापक. त्या प्रवचनांत आम्ही किती पाखंडे उच्चारली असतील, याची गणती नाही. पवित्र त्रैक्यावर बोलताना मी एकदा जे तारे तोडले, ते चौथ्या शतकात तोडले असते तर मला बहिष्कृत केले असते. प्राध्यापकांनी तासभर माझी उलटतपासणी घेतली आणि पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. कोणी बिशपांना तार केली नाही, भाविकांचा जमाव आला नाही. चूक करण्याची आणि ती जाणत्या माणसासमोर करण्याची ती जागा होती. अशी जागा नसती, तर त्या चुका मी पुढे वेदीवरून केल्या असत्या. चित्रशाळाही नेमकी हीच जागा असते. परीक्षेसाठी मांडलेले चित्र हा समाजाला दिलेला अखेरचा शब्द नसून गुरूपुढे ठेवलेली वही असते. ती वही हिसकावून पोलिसांच्या हाती देणाऱ्याने शिक्षकाचाच अधिकार हिरावून घेतला. ‘हे तू का काढलेस? यातून तुला काय सांगायचे आहे? हे सांगण्याला दुसरा मार्ग नव्हता काय?’ हे प्रश्न त्या मुलाला त्याच्या गुरूंनी विचारावयाचे होते. ते फौजदाराने विचारावे, असा आग्रह धरून आपण कोणत्या श्रद्धेचे रक्षण केले?

दुसरे कारण आपल्या इतिहासातले आहे. भावना दुखावणे हाच निकष धरला, तर आपण आज ज्या चित्रांपुढे गुडघे टेकतो, त्यांतील कितीतरी उरली नसती. काराव्हाज्योचे ‘मरियेचा मृत्यू’ हे चित्र रोममधील ज्या चर्चसाठी काढले होते, तेथील कार्मेली संन्याशांनी ते नाकारले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एवढ्या दूर तरी कशाला जा! आपल्या गोमंतकाचा आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला, तेथील पाश्चात्त्य वळणात रमला नाही आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याजवळ शिकला. परत आल्यावर त्याने पवित्र मरियेला साडी नेसविली, तिला आपल्या मातीतला चेहरा दिला. तेव्हा दुखावले कोण? आपणच, गोव्यातले कॅथोलिक! त्याला गाव सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घ्यावा लागला, आणि तो आश्रमही आपल्या चर्चचा नव्हता, अँग्लिकन पंथीयांचा होता. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविधीविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की, कोणतीही एक कलाशैली चर्चने आपली म्हणून स्वीकारलेली नाही आणि सर्व देशांच्या, सर्व लोकांच्या कलेला चर्चमध्ये वाव मिळावा. आज साडीतली मरियामाता आपल्या नाताळच्या शुभेच्छापत्रांवर असते. जे आपल्याला विटंबना वाटले होते, ते प्रार्थनेचे साधन झाले आहे. ते चित्र काढण्याचे बळ फोन्सेकाला कोठे मिळाले? शांतिनिकेतनच्या कलाशाळेत, आपल्या धर्मसभेत नव्हे.

प्रत्येक बोचरे चित्र उद्याचे पवित्र चित्र ठरते, असा याचा अर्थ नाही. बडोद्यातील ते चित्र मला आजही आवडत नाही. पण कोणते टिकेल आणि कोणते गळून पडेल, हे पहिल्याच दिवशी, तेही रागाच्या भरात, ठरविता येत नाही, एवढे तरी आपण आपल्या चुकांवरून शिकावे.

‘मग सरकारच्या पैशावर कलेच्या नावाखाली काहीही चालू द्यायचे काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्या पैशातून समाजाला काय मिळाले, ते आधी पाहावे. १९५० साली ही विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा चित्रकला हा विद्यापीठीय पदवीचा विषय होऊ शकतो, हेच अनेकांना पटत नव्हते. ना. श्री. बेंद्रे यांनी तेथे चित्रकला विभाग उभा केला, शंखो चौधुरींनी शिल्पकला शिकविली, शांतिनिकेतनात घडलेल्या के. जी. सुब्रमण्यन यांनी लोककलेचे आणि हस्तकारागिरीचे भान वर्गात आणले. १९६१ पासून तेथे भरू लागलेल्या कला मेळ्यांत विद्यार्थी स्वतः केलेली खेळणी व वस्तू सामान्य नागरिकांना विकत. भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे चित्रकार त्याच परिसरात घडले. त्याआधीही याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये उघडलेल्या कलाभवनात आपले दादासाहेब फाळके शिकले. मुंबईत येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहून ज्यांना कृष्णचरित्र पडद्यावर आणण्याची प्रेरणा झाली, तेच हे फाळके. आपल्या प्रभूची प्रतिमा पाहून एका हिंदू कलावंताला भारतीय चित्रपट सुचला. प्रतिमांवर मालकी सांगत बसलो असतो, तर हे घडले असते काय?

आणखी एक गोष्ट कटू असली तरी बोलली पाहिजे. ‘भावना दुखावल्या’ ही तक्रार आज आपल्याच लोकांविरुद्ध किती ठिकाणी होते! घरातील प्रार्थनासभा बंद पाडल्या जातात, धर्मगुरूंना व प्रवचनकारांना ठाण्यात बसवून ठेवले जाते. तेव्हा आपण राज्यघटनेचा आधार मागतो आणि तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पण चित्रशाळेच्या दारी पोलीस आला तेव्हा टाळ्या वाजवून, प्रार्थनासभेच्या दारी तो आल्यावर आक्रोश करावा, हे न्यायाला धरून नाही. जमावाला एकदा दार उघडून दिले की, ते कोणाचे दार आहे, हे तो विचारत नाही.

आपण आक्षेप घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. अवश्य घ्यावा. अधिष्ठात्यांना पत्र लिहावे, विद्यार्थ्याला भेटून आपले दुःख सांगावे, आपल्या त्रैमासिकातून परखड टीका करावी. विद्यापीठानेही त्या भेटीसाठी दार उघडे ठेवावे आणि स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही शिकवावी. परंतु संकटाच्या वेळी जी संस्था आपल्या विद्यार्थ्याला एकटे सोडते, तिला जबाबदारी शिकविण्याचा अधिकार राहत नाही. २००७ च्या त्या दिवसांत समाजापेक्षा अधिक अपयशी ठरले ते विद्यापीठाचे प्रशासन, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आपले काय? आपल्या चर्चमधील पुतळे साच्यातून काढलेले, चेहरे युरोपीय, रंग भडक. चांगला चित्रकार मिळत नाही, अशी तक्रार आपण करतो आणि घरातील मुलीला चित्रशाळेत पाठविण्यास भितो. अभियंते आणि परिचारिका आपण पुष्कळ घडविल्या, त्याचा अभिमान आहे. पण ज्या ठिकाणी या देशाची प्रतिमासृष्टी घडते, तेथे आपले कोणी नसेल, तर आपल्या प्रभूचे चित्र दुसऱ्यांनी कसे काढले, याची तक्रार करण्यापलीकडे आपल्या हाती काही राहणार नाही.

मी त्या वडिलांना एवढेच म्हणालो, ‘‘तुमच्या मुलीला प्रभूचे चित्र काढता येते. तिला तिकडे जाऊ द्या. तिथल्या मुलांना तो कोण आहे, हे निदान एकजण तरी सांगेल.’’ ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी शिफारसपत्रासाठी पुन्हा केव्हा यावे, ते विचारले.