पाणी शुद्ध करण्याचे ज्ञान कोणाकडे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी १०८ घागरींचा विधी करून ते ‘शुद्ध’ केले. त्या विधीत शेण होते, गोमूत्रही होते! माणसाच्या स्पर्शाने ज्या पाण्याचे काहीही बिघडले नव्हते, ते शुद्धीच्या नावाखाली घाण केले गेले. पुढे १९३७ साली हायकोर्टातही आपण ती लढाई जिंकलो. पाणी भरण्याचा हक्क मिळाला. पण ते पाणी शुद्ध करण्याचे ज्ञान आज कोणाकडे आहे?

हा प्रश्न आम्ही म्हसवडच्या तरुणांना विचारतो. माण तालुका कायम दुष्काळी. शेजारच्या खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तळे खोदले जात होते, तिथे सुभेदार रामजी रोखपाल होते. १९०१ साली त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेल्या लहान भीमाला आणि सोबतच्या मुलांना वाटेत रात्रभर कोणी पाणी दिले नाही. बाप तळ्याच्या कामाचा हिशोब ठेवत होता आणि लेकरे तहानलेली होती!

आजही गटारात कोणाला उतरवतात हे सांगायला नको. मग जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत आपला तरुण का नको?

हे ज्ञान मंत्रासारखे गुप्त नाही. पाऊस पडला की पाणी गढूळ होते, तुरटीची मात्रा बदलावी लागते. सहा भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून, ढवळून, कोणत्या भांड्यात गाळ नीट बसतो ते पाहायचे. याला जार टेस्ट म्हणतात. नंतर वाळूचा फिल्टर; तो तुंबला की उलट्या दाबाने पाणी सोडून धुवायचा. शेवटी क्लोरिन. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहिले पाहिजे. आयटीआयमध्ये पंप ऑपरेटर-कम-मेकॅनिक हा एक वर्षाचा ट्रेड आहे. सुरुवात तिथून करता येते.

काही जण म्हणतील, शिकून काय उपयोग, भरती तर कंत्राटदाराच्या मर्जीने होते. खरे आहे. म्हणूनच प्रशिक्षित कामगार, कायम नोकरी आणि क्लोरिन गळतीपासून बचावाचे मास्क ही मागणी मोर्चात आली पाहिजे. पण नोकरी मिळो न मिळो, ज्ञान वाया जात नाही. पाइपातून जाताना क्लोरिन कमी कमी होत जाते आणि पाइपलाइनचे शेवटचे टोक बहुधा आपल्याच वस्तीत असते. तिथे पाणी तपासता येणारा एक तरुण असला, तर ‘पाणी चांगले आहे’ या साहेबांच्या उत्तरावर विसंबावे लागत नाही. तो आकडा दाखवून जाब विचारतो.

‘शिका’ म्हणजे फक्त पदवी घ्या असे नाही. महाडला आपण पाण्याला हात लावला. आता व्हॉल्व्हला लावू.

जय भीम!