वेठबिगारीची तुलना नको



अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी थांबलेल्या अभियंत्यांना ‘आधुनिक वेठबिगार’ ठरवणारे पत्र वाचले. वर्षाला नोकरीवर आधारित सुमारे १,४०,००० कार्डे आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग हलत नाही. मान्य! (माझा भाचाही त्याच रांगेत आहे.) पण कंपनीने कार्डासाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावर कंपनी बदलली तरी रांगेतली जुनी तारीख सहसा टिकते.

खरी वेठबिगारी कशी असते ते आमच्याकडे पाहा: जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती आधीच उचल घेऊन. मालकाच्या वहीत नाव घरधन्याचे, राबते सगळे घर. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा झाला तो अशांसाठी.

— एक वाचक, जव्हार