आमचेच आकडे, पुन्हा आमच्याकडेच मागता?

विद्यापीठाचा ईमेल येतो: विहित नमुन्यातील माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत सादर करावी, नसल्यास निरंक कळवावे. मागितलेलं काय असतं? प्रवर्गनिहाय मुलं किती, मुली किती, उत्तीर्ण किती. यातलं विद्यापीठाकडे नाही असं काहीच नाही. पात्रता अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर भरतात, पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, तेच देतात, परीक्षा तेच घेतात, निकालही तेच लावतात. तरीही आमच्या महाविद्यालयातले वरिष्ठ लिपिक हातातलं काम टाकून एक्सेल उघडतात आणि मी, अर्थशास्त्राची प्राध्यापक, आयक्यूएसीची, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची, समन्वयक म्हणून त्यांच्या शेजारी बसते.

एका ईमेलपुरतं असतं तर चाललं असतं. केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण, म्हणजे आयशे, २०१०-११ पासून दरवर्षी होतं. एनआयआरएफची क्रमवारी २०१६ पासून लागते. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा वार्षिक अहवाल वेगळाच. विद्यार्थी तेच, पण कुणाला ते प्रवर्गानुसार हवेत, कुणाला राज्यातले आणि राज्याबाहेरचे असे, तर कुणाला पाच वर्षांचे एकत्र. दर वेळी आम्ही शून्यापासून मोजायला बसतो.

यावर उपाय जुनाच आहे. प्रवेश, शुल्क, परीक्षा, ग्रंथालय अशा वेगवेगळ्या प्रणालींतली माहिती रोज रात्री एका ठिकाणी आणून ठेवायची. संगणकवाले त्याला डेटा वेअरहाऊस म्हणतात. अहवाल तिथून काढायचे, म्हणजे ऐन निकालाच्या दिवसांत परीक्षा विभागाच्या संगणकावर भार पडत नाही. महाविद्यालयांना मूळ तक्त्यांना हात लावू द्यायचा नाही, फक्त 'व्ह्यू' द्यायचे. सातबारा काढताना तलाठ्याचं दप्तर कुणी उचलून आणत नाही. आपल्या गटाचा उतारा मिळतो, त्यात खाडाखोड करता येत नाही. व्ह्यूचंही तसंच. ठरलेले रकाने, आपल्याच महाविद्यालयाच्या ओळी, आणि फक्त वाचायचं.

हे सुचवलं की ठरलेलं उत्तर येतं: 'मॅडम, माहिती बाहेर जाईल.' अहो, आज ती कुठे आहे? जात, मोबाइल, आधार क्रमांक असलेल्या फायली व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरताहेत. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचं एखादं परिपत्रकही बहुधा त्याच गटावर आलं असेल. व्ह्यूमध्ये निदान नावाचा आणि आधारचा रकाना वगळता येतो, कुणी कधी काय पाहिलं याची नोंद ठेवता येते. एक काळजी मात्र खरी आहे. एखाद्या वर्गात एकच अपंग विद्यार्थिनी असेल तर '१' हा आकडाच तिचं नाव सांगतो. संस्थेबाहेर जाणाऱ्या तक्त्यात इतके लहान आकडे झाकावेत.

खरी अडचण मात्र तंत्राची नाही. 'विद्यार्थी' कुणाला म्हणायचं यावर विद्यापीठाच्या तीन टेबलांचं एकमत नाही. पात्रता विभाग नोंदणी मोजतो, लेखा विभाग शुल्क भरलेले, परीक्षा विभाग अर्ज भरलेले. एटीकेटी घेऊन दुसऱ्या वर्षाला बसलेला मुलगा पहिल्या वर्षाच्या राहिलेल्या विषयाचाही अर्ज भरतो. अर्ज मोजले तर तो दोनदा, माणसं मोजली तर एकदाच. ऑक्टोबरात प्रवेश रद्द केलेली मुलगी कुठल्या तारखेपर्यंत धरायची? आज हे कोडं प्रत्येक महाविद्यालयातला लिपिक आपापल्या अकलेनं सोडवतो आणि विद्यापीठ त्या बेरजांची बेरीज करतं. व्ह्यू करायचा म्हटलं की कुणाला तरी व्याख्या लिहून खाली सही करावी लागते. टाळाटाळ त्या सहीची आहे, असं माझं मत झालं आहे.

शिवाय हे सगळं नॅकसाठीच हवं असंही नाही. कुठलाच नमुना विचारत नाही असा एक प्रश्न मला पडलेला आहे. पहिल्या वर्षाला एसटीनं येणाऱ्या मुलींपैकी काही जणी दुसऱ्या वर्षाच्या हजेरीत दिसत नाहीत. लग्न झालं, बस बंद झाली, की जवळच्या गावात महाविद्यालय निघालं म्हणून तिकडे गेल्या? माझ्या हजेरीपटावर या तिन्ही मुली सारख्याच गैरहजर. विद्यापीठाला मात्र निदान शेवटचीचा पत्ता असतो, कारण तिचा पीआरएन तिच्याबरोबर नव्या महाविद्यालयात जातो. ती कुठे गेली हे मला कळायची गरज नाही. दुसऱ्या सत्राची परीक्षा दिलेल्या, पण तिसऱ्या सत्रासाठी आमच्याकडे नोंदणी न केलेल्या आमच्या विद्यार्थिनींची यादी हवी, आणि तिच्यात एक रकाना: इतरत्र प्रवेश, होय किंवा नाही. 'नाही' असेल त्यांच्या घरी आमच्यापैकी कुणीतरी जाऊ शकतं. पण त्यासाठी यादी जुलैतच हाती यायला हवी, वार्षिक अहवालात नव्हे.